आजीची सही

मंडळी, माणसांवर संशोधन करायचं तर इथल्या बहुतेक विद्यापीठांत आधी नीतिमत्तेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मुलं "कटकट!" म्हणत भराभर क्लिक करतात. त्यांना एवढंच सांगा: आपल्या जर्सी सिटीहून हडसनपलीकडे, ब्रुकलिनच्या एका इस्पितळात १९६३ साली २२ रुग्णांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या, त्यांना न सांगता! टस्कगीत कृष्णवर्णीय रुग्णांना ४० वर्षं योग्य उपचारांविना ठेवल्याचं १९७२ला उघड झालं, तेव्हा कुठे १९७४ला कायदा आला. आता सरकारी नियम म्हणतात, संमती घ्यायची ती समोरच्याला समजेल अशा भाषेत. तेव्हा मधुमेहाच्या अभ्यासासाठी आजीची सही हवी असेल, तर आधी तिला मराठीत नीट समजावा. आणि ती "नको" म्हणाली, तर विषय संपला!