राउटरचा फेरफार

"राउटर म्हणजे काय, हे आता कुणाला सांगायला नको," असं म्हणून वक्त्यांनी सुरुवात केली आणि पहिल्या तीन रांगांचा तिथंच निरोप घेतला. त्या रांगांत निवृत्त गुरुजी होते, द्राक्षबागायतदार होते. अणदूरच्या उन्हाळी व्याख्यानमालेत या मंडळींच्या जागा ठरलेल्या असतात. विषय कोणताही असो. फळ्यावर लिहिलं होतं: ‘नेटवर्कमधील राउटरच्या कॉन्फिगरेशनचा स्वयंचलित बॅकअप’. कॉलेजची पोरं मागं भिंतीला टेकून उभी होती. व्याख्यान खरं तर त्यांच्यासाठीच होतं.

सिस्को कंपनीच्या राउटरात सेटिंगच्या दोन प्रती असतात. ज्यावर काम चालू आहे ती रनिंग कॉन्फिग. राउटर पुन्हा सुरू होताना वाचतो ती स्टार्टअप कॉन्फिग. बदल केला आणि ‘राइट मेमरी’ ही आज्ञा द्यायची राहिली, तर वीज जाताच बदलही गेला. "म्हणजे आमच्याकडं रोज संध्याकाळी," मागून आवाज आला आणि सभागृह सैलावलं.

मग बॅकअपच्या अवजारांची ओळख झाली, जरा घाईतच. ‘रॅन्सिड’ हे जुनं, तर ‘ऑक्सिडाइज्ड’ हे त्याची जागा घ्यायला निघालेलं, रूबी भाषेत लिहिलेलं. दोन्ही फुकट. ऑक्सिडाइज्डला एका साध्या फाइलीत राउटरांची नावं आणि प्रकार लिहून द्यायचे. मूळ सेटिंगप्रमाणे ते दर ३६०० सेकंदांनी प्रत्येक राउटरवर लॉगिन करतं, कॉन्फिग वाचतं आणि सांगितलं असेल तर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवतं. काहीच बदललं नसेल तर नवी नोंद होत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी वक्ते थांबले, कारण इतका वेळ त्यांना इथंच यायचं होतं. त्यांचं म्हणणं असं की लोक बॅकअप घेतात तो राउटर जळेल या भीतीनं. पण राउटर जळतो क्वचित, माणसांचे हात त्याला लागतात रोज. म्हणून नक्कल ही दुय्यम कमाई. खरी कमाई म्हणजे कालच्या आणि आजच्या प्रतीतला फरक. पडद्यावर त्यांनी दोनच ओळी दाखवल्या. वजा चिन्हाच्या लाल ओळीत जुना पत्ता, अधिक चिन्हाच्या हिरव्या ओळीत नवा. बाकी शेकडो ओळी तशाच होत्या, म्हणून दाखवल्याच नाहीत. पण प्रत्येक फरक माणसानं केलेला नसतो. सिस्कोच्या जुन्या राउटरांत ‘एनटीपी क्लॉक-पीरियड’ ही ओळ घड्याळ जुळवताना आपोआप बदलत असे. रॅन्सिड ती गाळून टाकतं. न गाळली तर फरकांचा नुसता पाऊस पडेल आणि खरा बदल त्यात वाहून जाईल.

पुढच्या रांगा अजून कोऱ्याच होत्या. त्यांच्यासाठी वक्ते म्हणाले, "कॉन्फिग म्हणजे सातबारा, आणि हा फरक म्हणजे फेरफार."

इथं व्याख्यान त्यांच्या हातून निसटलं. गाव नमुना सहामध्ये तलाठी नोंद धरतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. इतकं सांगून त्यांना परत यायचं होतं. पण तोवर एक पटकेवाले उभे राहिले. "साहेब, फेरफार हाय, पण नोटीसच आली न्हवती!" दुसऱ्याची वाटणीची नोंद अडकली होती. वक्त्यांनी २०१८ च्या १ मेपासून सुरू झालेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचा दाखला दिला, तर त्यांनाच कुणी महसूल खात्याचा माणूस समजलं. "मी तलाठी नाही हो," असं त्यांना काकुळतीनं सांगावं लागलं. एका गुरुजींनी बाजू सावरली: "अहो, लेखी करार झाल्याशिवाय आमच्या खंडोबाची मूर्तीसुद्धा नळदुर्गाला जात नाही!" टाळ्या याच वाक्याला पडल्या. खरं तर वक्त्यांचा मुद्दा गुरुजींनीच सगळ्यांत नेमका मांडला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली तेव्हा कॅनडाचं उदाहरण बाकी होतं. तिथल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीनं ८ जुलै २०२२ ला गाभ्याच्या नेटवर्कच्या सात टप्प्यांच्या कामातला सहावा टप्पा हाती घेतला. आधीचे टप्पे सुरळीत गेल्यानं जोखीम कमी धरली गेली होती. राउटरांच्या कॉन्फिगमधून एक फिल्टर निघाला, मार्गांच्या माहितीचा लोंढा आत घुसला आणि गाभ्याचे राउटर बसले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली, देशभर इंटरॅकची डेबिट कार्डं अडली. मूळ कारण हाती लागायला सुमारे १४ तास गेले, कारण दुरुस्तीची वाटही त्याच पडलेल्या नेटवर्कमधून जात होती. तेव्हा फरकांची वही दुसरीकडेही ठेवा, एवढं वक्त्यांनी एका श्वासात सांगितलं. कॉन्फिगमध्ये पासवर्डही येतात, सिस्कोचा ‘टाइप सात’ पासवर्ड तर सहज उलगडतो. त्यामुळं गिटचं भांडार उघड्यावर ठेवू नका, हेही सांगितलं, पण तोवर चहाचे कप वाजायला लागले होते.

प्रश्न एकच घेतला गेला. भिंतीशी उभ्या मुलीनं विचारलं, "सर, जुनी प्रत परत राउटरात कशी घालायची?"

संध्याकाळचा सगळ्यांत कामाचा प्रश्न हाच होता आणि त्याच्या वाट्याला दोन मिनिटं आली. ऑक्सिडाइज्ड प्रत आणतं, परत घालत नाही; ते काम माणसाचं. आणि सिस्कोवर जुनी फाइल रनिंग कॉन्फिगमध्ये नुसती कॉपी केली तर ती जागा घेत नाही, मिसळते. नको असलेल्या नव्या ओळी तशाच राहतात. त्यासाठी ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही आज्ञा वापरायची, तीही आधी बाजूला ठेवलेल्या राउटरवर करून पाहायची. मुलगी लिहून घेत होती. तिला आणखी काही विचारायचं होतं, पण आभारप्रदर्शन सुरू झालं.