भिंतीतला किडा आणि बाईचं रक्त

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल जेवताना एकीनं मला विचारलं, "तू ज्या आजारावर बोलणार आहेस तो आपल्याकडे नाहीच म्हणे. मग कशाला?" प्रश्न रास्त आहे. चागास हा आजार लॅटिन अमेरिकेतला. मी तिकडे कधी गेलेली नाही, वाचलेलंच सांगणार आहे. पण आदिवासी पाड्यांवर नऊ वर्षं काम केल्यावर हे सगळं वाचताना मला परकं असं फार थोडं सापडलं.

आधी आजार समजून घेऊ. ढेकणाच्या जातकुळीतला, पण बोटाच्या पेराएवढा एक किडा आहे. बोलिव्हिया-अर्जेंटिनात त्याला 'विंचुका' म्हणतात. दिवसा तो मातीच्या भिंतींच्या फटीत, गवताच्या छपरात लपतो. रात्री माणूस झोपला की चेहऱ्याशी येऊन रक्त पितो आणि तिथंच विष्ठा टाकतो. आजाराचा परजीवी या विष्ठेत असतो. झोपेत आपण खाजवतो, लहान मूल डोळा चोळतं, आणि तो आत शिरतो. ब्राझीलमधल्या लासांस गावी रेल्वेच्या मजुरांमधला मलेरिया आटोक्यात आणायला गेलेल्या डॉ. कार्लोस चागास यांना १९०९ साली तो बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात सापडला. पुढे कित्येक दशकांनी तिला तपासलं, तेव्हाही तो तिच्या अंगात होताच.

हीच या आजाराची खोड. सुरुवातीला थोडा ताप, कधी एक डोळा सुजतो, कधी काहीच नाही. मग दहा, वीस, तीस वर्षं शांतता. त्यानंतर सुमारे एक तृतीयांश लोकांचं हृदय निकामी होऊ लागतं, काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगतं. शेतात काम करता करता माणूस कोसळतो आणि घरचे म्हणतात, काल तर बरा होता. जगात साठ-सत्तर लाख लोकांना ही लागण आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही.

आता 'ग्रान चाको'कडे येऊ. बोलिव्हिया, अर्जेंटिना आणि पॅराग्वे यांच्यात पसरलेला हा कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश. ग्वारानी, विची, कोम असे आदिवासी समाज इथले मूळचे. बोलिव्हियाच्या चाकोतल्या ग्वारानी वस्त्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना लागण होती, आणि तिशी ओलांडलेल्यांत तर जवळजवळ सगळ्यांनाच. हा आकडा मी दोनदा वाचला. आजार एखाद्या घरात येणं वेगळं आणि तो वयाबरोबर केस पिकावेत तसा सगळ्यांना येणं वेगळं.

कारण विचारलं की उत्तर मिळतं: कुडाची घरं, अस्वच्छता, अज्ञान. हे उत्तर आपल्या पाठ झालेलं आहे, नाही का? पण घर कुडाचं का राहिलं? चाकोतल्या जमिनी मोठ्या जमीनदारांकडे गेल्या आणि अनेक ग्वारानी कुटुंबं त्यांच्याच मळ्यांवर कर्जापोटी राबत राहिली. अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क आयोगाने २००८ साली तिथं जाऊन पाहणी केली आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्यांना 'बंदिस्त समुदाय' म्हटलं. म्हणजे ही वेठबिगारी एकविसाव्या शतकातली आहे. ज्या जागेवरून मालक कधीही उठवू शकतो, तिथं विटांची भिंत कोण घालील?

फवारणीनं फरक पडला, हेही सांगायला हवं. १९९१ साली दक्षिणेकडच्या देशांनी मिळून मोहीम काढली. उरुग्वेनं १९९७ साली आणि चिलीनं १९९९ साली या मुख्य किड्याकडून होणारी लागण थांबवली. चाको मात्र मागे राहिला. वस्त्या लांब आणि विखुरलेल्या. किडा रानातून, कोंबड्यांच्या खुराड्यातून, बकऱ्यांच्या गोठ्यातून परत येतो, आणि काही भागांत तर तो औषधालाही दाद देईनासा झाला. शिवाय फवारणीआधी घरातलं सगळं सामान, धान्य, अंथरूण-पांघरूण बाहेर काढावं लागतं. ते कोण काढतं आणि परत कोण लावतं, हे या सभेत मी सांगायला नको.

मला खरं बोलायचंय ते पुढचं. ही लागण आईकडून पोटातल्या बाळाला होऊ शकते. शंभर लागण झालेल्या मातांमागे साधारण पाच बाळांना होते. म्हणून गरोदरपणात तपासणी होते. कित्येक बायांना आपल्या रक्तात हा आजार आहे हे पहिल्यांदा तेव्हा कळतं. आणि कळल्यावर तिला काय मिळतं? काही नाही. बेंझनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स ही दोन औषधं आहेत, पण ती गरोदरपणी देत नाहीत. थांब, बाळंतपण होऊ दे. बाळंतपण झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. ते योग्यच आहे, कारण पहिल्या वर्षात उपचार मिळाले तर बाळ जवळजवळ हमखास बरं होतं. पण बाळाची खात्रीची तपासणी आठ-दहा महिन्यांनी पुन्हा करावी लागते, आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तोवर फसवतात. तेव्हा मूल कडेवर घेऊन पुन्हा दवाखाना गाठायचा, मजुरी बुडवून. अनेक जणी परत येत नाहीत आणि नोंदवहीत 'पाठपुरावा झाला नाही' असं पडतं. तिचं स्वतःचं औषध तर कुणी काढतच नाही.

खरं तर गरोदर राहण्याआधी बाईला उपचार मिळाले, तर पुढच्या बाळाला लागण होण्याची भीती जवळजवळ उरत नाही. हे आता अभ्यासांतून पुढे आलं आहे. पण कोर्स साधारण साठ दिवसांचा. अंगावर पुरळ उठतं, पोट बिघडतं, आणि त्या काळात दिवस जाऊ द्यायचे नाहीत. साठ दिवस 'नाही' म्हणायचं किंवा साधन वापरायचं, हे घरात कुणाच्या हातात असतं? उशीर झाला तर भरपाई नाही, हेही खरं. हृदय एकदा बिघडल्यावर हे औषध आजाराची वाटचाल थोपवत नाही, असं २०१५ सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसलं.

मला आमच्याकडची एक मुलगी आठवते. सिकलसेलच्या शिबिरात तिचं रक्त तपासलं, हातात कार्ड दिलं. कार्डाचा अर्थ कुणी सांगितला नाही. लग्न ठरताना ते कार्ड सासरच्यांनी पाहिलं आणि लग्न मोडलं. महिन्याभरानं तिनं मला विचारलं, "ताई, यात माझ्यासाठी काय लिहिलंय?" त्या शिबिरात नावं लिहून घ्यायला मीही बसले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्जेंटिनात नोकरीआधी चागासची तपासणी करून माणसं नाकारली जायची. २००७ साली तिथं कायद्यानं ते बंद केलं. कागदावर तरी. बोलिव्हियातून कितीतरी बाया स्पेनला घरकामाला, म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्या. कॅटलोनियात २०१० पासून लॅटिन अमेरिकेतून आलेल्या गरोदर बायांची तपासणी सुरू झाली, आणि आई सापडली की तिच्या आधीच्या मुलांचीही तपासणी होऊ लागली. परक्या देशात, दुसऱ्याच्या घरची भांडी घासताना, आपल्या आईच्या घराच्या भिंतीतला किडा अजून आपल्या रक्तात आहे हे तिथं त्यांना समजलं.

दुपारच्या सत्रात गट पाडायचे आहेत. माझी एक सूचना आहे. गेल्या वर्षभरात आपापल्या गावात बायांच्या ज्या ज्या रक्ततपासण्या झाल्या त्यांची यादी करा, आणि प्रत्येकीपुढे लिहा की निकाल त्या बाईला कुणी सांगितला, कोणत्या भाषेत, आणि त्यानंतर तिला औषध मिळालं का. रकाना रिकामा राहिला तरी चालेल. रिकामाच ठेवा.