बालगीते : ओठांवरून पडद्यावर



मराठी घरातील मूल बोलू लागण्यापूर्वी गाणे ऐकते. पाळण्यापाशी म्हटलेली अंगाई, मांडीवर घेऊन म्हटलेले बडबडगीत, बोटे मोजत शिकविलेली गाणी ही बालकाची पहिली शाळा होय. या गीतांना कवीचे नाव नसते, साथीला वाद्य नसते. शब्दांचा अर्थही पुष्कळदा लागत नाही. परंतु नाद, ताल आणि समोरचा ओळखीचा चेहरा यांच्या आधारे भाषेचा पाया घातला जातो.

या मौखिक परंपरेला विसाव्या शतकात थोर कवी-संगीतकारांची जोड लाभली. १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटातील 'नाच रे मोरा' हे गीत ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केले आणि आशा भोसले यांनी गायिले. मंगेश पाडगावकरांचे 'सांग सांग भोलानाथ' आणि राजा मंगळवेढेकरांचे 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला' या गीतांना मीना खडीकर यांनी चाली दिल्या व ती बालकंठांतूनच गाऊन घेतली. रेडिओवर ही गीते ऐकणाऱ्या मुलाला तो बंगला स्वतःच्या मनात बांधावा लागे. म्हणूनच प्रत्येकाचा बंगला निराळा असे.

आता तो बंगला आयता बांधून मिळतो. २००५ साली यूट्यूब सुरू झाले. २०१३ मध्ये चेन्नईत 'चुचु टीव्ही' ही बालगीतांची वाहिनी निघाली. दक्षिण कोरियातील पिंकफाँगने जून २०१६ मध्ये प्रसारित केलेली 'बेबी शार्क डान्स' ही अवघ्या सव्वादोन मिनिटांची चित्रफीत जानेवारी २०२२ मध्ये १००० कोटी वेळा पाहिली गेली. यूट्यूबवर हा पल्ला गाठणारी ती पहिलीच. तीत आहे तरी काय? पुन्हापुन्हा येणारे शब्द, आई-बाबा-आजी-आजोबा असे कुटुंब आणि हातांचे सोपे हावभाव. ही तर बडबडगीताचीच जुनी लक्षणे! तेव्हा दोष गाण्याला देता येणार नाही.

फरक अन्यत्र आहे. मूल पेंगू लागले की आजीचा आवाज आपोआप खाली येतो. ते हसले की ती तेच कडवे पुन्हा म्हणते. पडद्याला मूल दिसत नाही. शिवाय त्यामागे जाहिरातीचा व्यवहार असतो. पालकांच्या संमतीविना बालकांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल व यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये.

लग्नाचा शालू घेताना घरातील चार माणसे पोत चोळून पाहतात, रंग पक्का आहे ना, हे विचारतात. तेच घर मुलाच्या कानावर दिवसभर पडणारे गाणे मात्र न पाहता स्वीकारते. हे कसे?

चित्रफिती सर्वस्वी त्याज्य नाहीत. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला त्यांच्याद्वारे मातृभाषेचे शब्द ऐकावयास मिळतात, हा लाभ मोठा आहे. परंतु ती फीत मोठ्यांनी आधी पाहावी, नंतर मुलाशेजारी बसून पाहावी आणि पडदा बंद करून तेच गाणे स्वतः म्हणावे. गळा गोड नसला तरी बिघडत नाही. मूल सुरांची परीक्षा घेत नाही. ज्या पिढीला ही गाणी मुखोद्गत आहेत, तिने ती गायिली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती ध्वनिमुद्रिकेतच ठाऊक राहतील.

आजच्या रात्री प्रत्येक घरात एक तरी अंगाई माणसाच्या आवाजात ऐकू यावी, एवढीच प्रार्थना.