कोरड्या दरीतली ओली रेघ



अमेरिकेच्या यूटा राज्यातलं झायन राष्ट्रीय उद्यान पाहून आलेला माणूस बोलतो ते कड्यांबद्दल. सहाशे मीटरहून उंच तांबडे-पांढरे कडे समोर उभे असल्यावर दुसरं काय बोलणार? पण आज मी तुम्हांला त्या कड्यांच्या पायथ्याशी असलेली एक ओली रेघ दाखवणार आहे. या वाळवंटी दरीचं मर्म त्या रेघेत आहे.

आधी दगड पाहू. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथं वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. वाऱ्यानं रचलेले त्या टेकड्यांचे तिरके थर कड्यांवर आजही दिसतात. त्या वाळूचा झाला नवाहो वालुकाश्म. दिसायला भरीव, पण आतून सच्छिद्र. पठारावर पडलेलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी त्याच्या कणाकणांतून खाली उतरतं, माठ पाझरावा तसं. खाली मात्र केयेंटा नावाचा गाळाचा थर आहे आणि तो पाणी सहजासहजी आत घेत नाही. अडलेलं पाणी आडवं वळतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतं. हीच ती ओली रेघ. वीपिंग रॉक या ठिकाणी आज अंगावर पडणारा थेंब हजारभर वर्षांपूर्वी माथ्यावर पडलेला असू शकतो.

या पाझरांवर भिंतीतच बागा लटकतात. हंसराजाचे नेचे, शेवाळ, कोलंबाइनची फुलं. तिथंच काही मिलिमीटरची एक गोगलगाय राहते. ती जगात फक्त झायनमध्ये सापडते. चार पावलांवर निवडुंग आणि इथं नेचे, अशी ही शेजारसोबत!

कडा सरळसोट राहतो तोही याच रचनेमुळे. खालचा मऊ थर पाण्यानं झिजतो, वरचा दगड निराधार होतो आणि त्याचे मोठमोठे पापुद्रे सुटून कोसळतात. पडलेला मलबा व्हर्जिन नदी वाहून नेते. एरवी गुडघाभर दिसणारी ही नदी उन्हाळी वादळात बघता बघता रौद्र होते. नॅरोज या अरुंद घळीत तर माथ्यावर निरभ्र आकाश असतानाही, वर कुठे तरी कोसळलेल्या पावसाचा लोंढा येऊन आदळतो.

आता प्राणी. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे महाकाय गिधाड १९८७ मध्ये निसर्गातून नाहीसं झालं होतं. साऱ्या जगात २७ पक्षी उरले होते आणि तेही पिंजऱ्यात. त्यांची वीण वाढवून पुन्हा मोकळे सोडलेल्या पक्ष्यांपैकी एका जोडीचं पिल्लू २०१९ मध्ये झायनच्या कड्यावर जन्मलं. या पुनरुज्जीवन मोहिमेतलं ते हजारावं पिल्लू. इथून नामशेष झालेल्या बिगहॉर्न मेंढ्याही १९७०च्या दशकात परत आणल्या गेल्या आणि त्या टिकल्या.

हे यश आहे. पण दुसरी बाजूही ऐका. रिपल आणि बेश्टा या दोन शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मुख्य दरीची तुलना जवळच्या नॉर्थ क्रीक या ओढ्याशी केली. मुख्य दरीत माणसांची वर्दळ वाढली तसा कूगर, म्हणजे तिथला डोंगरी सिंह, बाजूला सरला. त्याचा धाक गेल्यावर हरणं वाढली आणि नदीकाठच्या कॉटनवुडची कोवळी रोपं खाऊन टाकू लागली. जुनी झाडं उभी, पण त्यांच्यामागे नवी पिढी नाही. १९३०च्या दशकात नदीला घातलेल्या बांधांनीही पूर अडवून या झाडांचं रुजणं अवघड केलं होतं. कूगर टिकलेल्या नॉर्थ क्रीकमध्ये मात्र तरुण झाडं होती, बेडूक, सरडे आणि फुलपाखरंही जास्त होती.

म्हणजे कूगरला हटवायला बंदूक लागली नाही. आपली हौस पुरली! २०२१ मध्ये इथं ५० लाखांवर पर्यटक आले. हंगामात मुख्य दरीत खासगी गाड्यांना बंदी करून २००० सालापासून बस धावतात. त्यानं धूर आणि गोंगाट कमी झाला, माणसं कमी झाली नाहीत.

राष्ट्रीय उद्यान किती जणांनी पाहिलं, हा आकडा दरवर्षी जाहीर होतो. काठावरची किती रोपं हरणांच्या तोंडातून सुटून डोक्याइतकी वाढली, हा आकडाही त्याच्या शेजारी जाहीर व्हायला हवा. माझ्या मते, उद्यान नीट चाललंय की नाही, हे दुसऱ्याच आकड्यावरून कळेल.