आगकाड्यांची मौज आणि नरसिंहाचा खांब



घरातल्या मुलांना कार्टूनचा सिनेमा दाखवायची वेळ आली की मोठ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तुम्ही जा, पोरांचा सिनेमा, आम्ही काय करू तिथं?’ आत यावं आणि मुलांच्या शेजारी बसावं, असं मला मनापासून वाटतं. आपण बडोदेकरांनी तर नक्कीच.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब, याच शहरात कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी 1890 साली ही संस्था काढली. चित्रकलेबरोबर फोटोग्राफीचे धडेही फाळक्यांनी इथं गिरवले. पुढे मुंबईत, 1911च्या एप्रिलमध्ये, ते मुलाला घेऊन गिरगावातल्या तंबूत सिनेमा बघायला गेले. पडद्यावर जनावरं हलताना पाहिली, हे घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. मग सगळ्या कुटुंबाला घेऊन ते पुन्हा गेले. त्या खेळाला येशू ख्रिस्ताचं चरित्र होतं, आणि ते पाहतापाहताच त्यांच्या मनात राम-कृष्ण पडद्यावर दिसू लागले. आपल्या सिनेमाची सुरुवात अशी घरच्या माणसांबरोबर झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची एकेक चित्रचौकट टिपली. पडद्यावर ते रोप जेमतेम मिनिटभरात वाढलं. ते पाहून भांडवल देणारा माणूस पुढे आला. 1915 साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. तिच्यात नट नाहीत, नुसत्या काड्या हलतात. ती फिल्म आज आपल्याला बघायला मिळत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

2025च्या जुलैत ‘महावतार नरसिंह’ हा कार्टूनचा सिनेमा लागला, तेव्हा आम्ही नातीला घेऊन गेलो. सिनेमा हिंदीत, आजूबाजूला बोलणं गुजरातीत, आमची कुजबुज मराठीत. आपल्याकडे नरसिंहजीची पोळ आहे, कार्तिकात तुळशीच्या लग्नाला नरसिंहजीचा वरघोडा निघतो. तेव्हा देव काही मुलांना परका नव्हता. तरी खांब दुभंगला तेव्हा नात माझ्या दंडाला घट्ट बिलगली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले. कथा सगळ्यांना ठाऊक, शेवट ठाऊक, आणि तरीही सगळ्यांचा श्वास एकदम अडकला. घरी मोबाइलवर एकेकट्यानं बघताना असं होत नाही. म्हणून तिकीट महाग वाटलं तरी वर्षातून एखाद्या वेळी थिएटरात जावंच.

हल्ली हे सिनेमे संगणकावर घडतात. पण नव्वदच्या दशकातला ‘रामायण’ आठवा. जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांच्या मेहनतीतून उभा राहिलेला तो सिनेमा 2025च्या जानेवारीत पुन्हा थिएटरांत आला होता. त्यातली चित्रं हातानं काढलेली. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात. दीड तासाच्या एखाद्या सिनेमाला झाली चौसष्ट हजार आठशे, आणि हा एका वेळी एकच पात्र पडद्यावर असल्याचा हिशेब! मुलांना हे जरूर सांगा. रामाच्या एका पावलामागे किती हात राबले हे कळलं की मुलं वेगळ्या नजरेनं बघतात.

आणि घरी आल्यावर एक करून बघा. टेबलावर पुस्तकांची चवड रचून मोबाइल पक्का बसवा. समोर जळक्या काड्या मांडा, म्हणजे मुलांच्या हातून पेटायची भीती नाही. काडी किंचित सरकवा, फोटो घ्या. पुन्हा सरकवा, पुन्हा फोटो. मोबाइल अजिबात हलू देऊ नका, आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा, नाहीतर काड्या आपोआप जागा सोडतात. बारा फोटोंचा एक सेकंद होतो. पहिल्या दिवशी पाच सेकंद जमले तरी पुष्कळ झाले.