नवा लॅपटॉप गप्प का बसतो?

संगमनेर-श्रीरामपूरकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने बाजारात नुकताच आलेला लॅपटॉप घेतला, त्यावर उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकली आणि स्पीकरमधून आवाजच आला नाही, तर स्पीकर बिघडला असं धरून नगरची वारी करायची घाई नको. आधी हेडफोन लावा. त्यात गाणं स्वच्छ वाजलं, तर ध्वनीची मूळ चिप शाबूत आहे. आताच्या पातळ लॅपटॉपांमध्ये बऱ्याचदा स्पीकरसाठी वेगळी अ‍ॅम्प्लिफायर चिप असते. तिचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नसेल तर ती चालूच होत नाही. उबंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.८ घेऊन. त्यानंतर निघालेली चिप त्या कर्नलला ओळखू येईलच असं नाही. नवा कर्नल साधारण ९-१० आठवड्यांनी येतो, म्हणून अपडेट करून पाहावं. आउटपुट एचडीएमआयवर गेलंय का, तेही बघावं.

कुणी म्हणेल, वॉरंटी आहे, दुकानात देऊन टाका. मूळ विंडोजमध्येही स्पीकर वाजत नसेल, तर जरूर द्या. पण विंडोजमध्ये वाजत असेल, तर स्पीकर बदलूनही लिनक्समध्ये आवाज येणार नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर लॅपटॉप मात्र दुकानात अडकून पडेल.