आराखड्याची पहिली रेघ

तलावाकाठचं एखादं रान लोकांच्या आवडीचं झालं की ते 'सुधारण्याचा' प्रस्ताव फार लांब नसतो. प्रस्तावात कमान असते, सेल्फी पॉइंट असतो, रंगीत दिवे असतात. आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठी सातशे हेक्टरांहून मोठं जैवविविधता उद्यान आहे. तिथे काय करावं, असं मला विचारलं तर मी आधी नकाशा मागेन आणि त्यावर पहिली रेघ पाण्याच्या वाटेची ओढेन. पाणी येतं कुठून, जातं कुठून. बाकी सगळं त्यानंतर.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुमच्यापैकी अनेकांनी गुडघाभर पाण्यात काढली असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत नाग नदी शिरली. सांडव्यापुढे उभारलेल्या स्मारकाने प्रवाह अडला का, हा वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. निकालाचं निकाल पाहील. पण सांडव्यापुढची जागा मोकळी ठेवायची असते, हे सांगायला न्यायालय कशाला हवं? बांध घालणाऱ्या जुन्या माणसांना ते कळत होतं.

मुंबईकरही फार शहाणे निघाले नाहीत. पवई तलावाच्या काठाने महापालिका सायकल ट्रॅक बांधत होती. पाणी आरपार जाईल असे दगडांचे गॅबियन वापरतो आहोत, भराव नव्हे, असा दावा होता. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं आणि बांधलेलं काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. पवईत मगरी आहेत. मगरीला ऊन खायला काठ लागतो, ट्रॅक नाही.

अंबाझरीत पाणी येतं त्या बाजूची गोष्ट आणखी अवघड. वरच्या अंगाला वाडी नावाची वस्ती आहे, तिचं सांडपाणी तलावात उतरतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलकुंभी पोसते. मग यंत्रं लावून ती काढायची, फोटो छापायचे, आणि पुढच्या हंगामात पुन्हा निविदा. वाडीतला नाला शुद्ध करणं उद्यानाच्या हद्दीबाहेर पडतं म्हणून ते उद्यानाच्या आराखड्यात नसतं! माझ्या मते सगळ्यात मोठी रक्कम तिथेच जायला हवी.

उद्यानातल्या गवताळ माळाबद्दलही एक सांगतो. उघडा माळ दिसला की अधिकाऱ्यांचा हात खड्डे खोदायला शिवशिवतो. चंडोल जमिनीवर घरटं करतो. त्याच्या अंगणात झाडं लावून आपण त्याला हुसकावतो आणि वर पर्यावरण दिनाचा फलक लावतो. माळाला रोपांपेक्षा वणवा अडवायला उन्हाळ्याआधी काढलेल्या जाळरेषा हव्यात, आणि त्या राखायला माणसं.

"मग लोकांनी यायचंच नाही का?" यावं की! स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, म्हाताऱ्यांना टेकायला बाक, गाड्या लावायला जागा, हे सगळं दारापाशी चांगलं करा. त्यापुढे पायी किंवा सायकलने जावं. दिवे दारापाशीच संपावेत, कारण अंधार पडल्यावर तिथे आपलं काही काम नाही. आणि वर्षातले काही आठवडे, घरट्यांच्या काळात, काठाचा एखादा पट्टा बंद राहिला तर तक्रारअर्ज येतील, ते यायचेच. अर्ज घेणाऱ्या खिडकीपाशी चांगला मराठी खुलासा छापून ठेवावा, इतका खर्च मात्र मी आनंदाने मंजूर करीन.